दस्तीखालची फी

आमच्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यावर कायम एक पांढरी दस्ती असायची. दस्ती म्हणजे रुमालच, पण पंच्याएवढा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती. शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर आमच्या गाळ्यावर उतरायची, अप्पा ती व्यापाऱ्यांना विकून द्यायचे आणि आपली आडत कापून घ्यायचे. आता मोंढ्यात भाव उघड पुकारतात. पण जुनी माणसं आपसातला सौदा अजून दस्तीखालीच करतात. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, वरून दस्ती टाकायची आणि बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेजारी बसलेल्याला काही म्हणजे काही कळत नाही. सौदा पटला की अप्पा कानडीत ‘आयतु’ म्हणायचे, म्हणजे झालं. त्यानंतर शब्द फिरवायचा नाही, आणि कागद तर मागायचाच नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

ही बोटांची भाषा मी अप्पांच्या मांडीवर बसून शिकले. खाऊला किती पैसे हवेत ते मी त्यांच्या हातात दाबून सांगायचे आणि ते मुद्दाम एक बोट कमी धरायचे. मग मी भांडायचे. त्या खेळाची मला पुढे भीती वाटेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बारावीनंतर नीटचा निकाल लागला आणि सरकारी एमबीबीएसला मला थोडे मार्क कमी पडले. लातुरात ‘थोडे कमी पडले’ हा एक आजारच आहे, आणि तो झाला की अख्खी गल्ली बघायला येते. मला मात्र फारसं वाईट वाटलं नाही. नांदेडला सरकारी कॉलेजात आयुर्वेदाची सीट लागली होती. फी नावापुरती, त्यातलीही बरीचशी मुलगी म्हणून माफ. मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई, जाऊन प्रवेश घेऊन आलो, मूळ कागदपत्रं तिथं जमा केली. येताना लोह्याला एसटी थांबली तेव्हा अव्वानं गरम भजी घेतली. माझी अव्वा बाहेरचं कधी खात नाही, त्या दिवशी तिनं खाल्ली.

अप्पांना मात्र आयुर्वेद पटत नव्हता. समोरच्या गाळ्यातल्या आडत्याचा मुलगा पुण्याला एमबीबीएस करत होता, आणि तो आडत्या रोज सकाळी चहाबरोबर आम्हाला आपला मुलगाही पाजायचा. आठ दिवसांत अप्पांनी बीदरकडचा एक माणूस शोधून काढला. सीमेपलीकडच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात तो सीट मिळवून द्यायचा.

मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, “डोक्यावर कर्ज घेऊन मला डॉक्टर व्हायचं न्हाई. मार्कांवर फी माफ करत असतील तर जाते. न्हाईतर माझं नांदेड बरं हाय.”

“बरं,” अप्पा म्हणाले. त्यांनी इतक्या लवकर ऐकलं याचाच मला संशय यायला हवा होता.

तो माणूस भर दुपारी गाळ्यावर आला. लाईट गेली होती, पंखा बंद, गोण्यांचा वास कोंडलेला. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, तोंडात साखर. “शरणार्थ,” म्हणत त्यानं हात जोडले. आमच्याच लिंगायत समाजाचा, त्यात अप्पांशी कानडीत बोलणारा; अप्पा विरघळलेच. मी मध्येच विचारलं, “मार्कांवर सवलत किती मिळते?” तो अप्पांकडे बघून हसला. “पोरगी हुशार हाय तुमची, अप्पा. बोलू की आपण.”

अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि दोघांच्या हातांवर टाकली.

एरवी सौदा चुटकीसरशी व्हायचा. त्या दिवशी दस्ती हलतच राहिली. थांबायची, पुन्हा हलायची. आत चिमणी अडकावी तशी. अप्पांच्या मानेवरून घाम उतरत होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या आयुष्याची पाचेक वर्षं त्या फडक्याखाली विकली की घेतली जात होती, आणि मला, ज्या मुलीला ती भाषा येत होती तिला, एक बोटही दिसत नव्हतं. उठून ती दस्ती ओढावी असं वाटलं. पण मोंढ्यात असं कुणी करत नाही.

“आयतु,” अप्पा म्हणाले. तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

रात्रीच्या जेवणाला अव्वानं विचारलं, “किती ठरलं?”

“अर्धी माफ. तिच्या मार्कांची स्कॉलरशिप हाय. दरसाल मिळणार. उरलेल्या अर्ध्याचं बँकेतून करू.”

“कागद दिला का त्यानं?”

“सौद्याचा कागद असतो का कुठं?” अप्पा ताटात बघून म्हणाले.

मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, चांगलीच फुगले. अर्धी फी माझ्या मार्कांनी भरली होती. उरलेली अर्धीही डोंगराएवढीच होती, पण डॉक्टर झाल्यावर ती मी फेडणारच होते. नांदेड एकदम लहान दिसायला लागलं.

कागदपत्रं परत आणायला नांदेडला माझ्याबरोबर अप्पा स्वतः आले. तिथले क्लार्क म्हणाले, “बाई, दुसरीकडचं पक्कं झालंय ना? एकदा कागद नेले की ही सीट दुसऱ्याची. मग रडून उपयोग न्हाई.” मी अप्पांकडे बघितलं. “पक्कं,” ते म्हणाले. माझ्यामागे एक मुलगी फाईल छातीशी धरून उभी होती. मी सही केली तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

नव्या कॉलेजनं तेच कागद आपल्या कपाटात ठेवून घेतले. मध्येच सोडलं तर उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भरावी लागेल, अशा बॉण्डवर अप्पांनी न वाचता सही केली. बँकेचं कर्ज माझ्या नावावर, जामीन अप्पा.

मग सुट्टीला घरी येऊ लागले तशी गाळ्यावर दर वेळी एखादी वस्तू दिसेनाशी होऊ लागली. पहिल्या दिवाळीला मोठा काटा नव्हता. “दुरुस्तीला दिलाय.” उन्हाळ्यात आले तर आमचे जुने मुनीम नव्हते, ज्यांनी मला पाढे शिकवले ते. “गावाकडं गेलेत, लेकाकडं.” पुढच्या खेपेला गाळ्याच्या मधोमध पत्रा मारलेला, आणि पलीकडे दुसऱ्याच कुणाची पोती. “भाड्यानं दिलाय. एवढी जागा करायची काय आपल्याला?” अव्वाच्या हातात पाटल्या नव्हत्या. “घामानं टोचून राहिल्यात,” ती म्हणाली. डिसेंबर होता.

मी विचारत होते, ते सांगत होते, मी मान हलवत होते. कारण मला वेगळीच धास्ती होती. मार्क घसरले तर स्कॉलरशिप जाईल. तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण मार्कांनी मिळालेली गोष्ट मार्कांनीच जाणार, एवढं तर मला कळत होतं. मी झोप सोडली. केस मुठीनं जायला लागले. आणि दुसऱ्या वर्षाला व्हायचं तेच झालं, मी एका विषयात नापास झाले.

हात जोडायच्या तयारीनं मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. सवलत एवढ्यात काढू नका, तो विषय पुढच्या परीक्षेत सोडवते म्हटलं. तिथल्या बाईंनी संगणकावर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“कसली सवलत? तुमची फी पहिल्यापासून पूर्ण येते. इथं मार्कांवर कुणालाच सवलत नाही.”

लातूरपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात त्या विभूतीवाल्या माणसाला शिव्या घालत आले. त्यानं अर्धी माफ म्हणून शब्द दिला, कॉलेजनं पूर्ण मागितली, आणि अप्पा इज्जतीपायी मुकाट भरत राहिले. तो काटा, ते मुनीम, त्या पाटल्या, सगळ्याचा हिशेब आता लागत होता. घरी न जाता मी सरळ मोंढ्यात गेले. अप्पा पत्र्याच्या अलीकडे एकटेच बसले होते.

“त्यानं फसवलं आपल्याला,” मी म्हणाले. “उद्याच बीदरला जाऊ. पोलिसांत देऊ त्याला.”

“त्यानं न्हाई फसवलं, बाळ.”

“मग?”

अप्पांनी खांद्यावरची दस्ती काढली. “हात दे,” म्हणाले.

मी दिला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यांनी वर दस्ती टाकली. त्यांना तसंच सांगता येत होतं. पूर्ण पंजा दाबला. पुन्हा पूर्ण पंजा. मग तीन बोटं. “लाखात,” ते म्हणाले. “सालाचे.”

ऑफिसातल्या बाईंनी संगणकावर दाखवलेला पूर्ण फीचा आकडा तोच होता.

“त्या दिवशी हेच ठरलं होतं?”

“हाव.”

“आन् स्कॉलरशिप?”

“पूर्ण फी सांगितली असती तर तू गेली नसतीस.”

पत्र्याच्या पलीकडे हमाल पोती टाकत होते. माझ्या मार्कांना आयुष्यात एकच गोष्ट खरी मिळाली होती, ती नांदेडला होती, आणि ती मी माझ्या सहीनं त्या फाईलवाल्या मुलीला देऊन आले होते. इतका राग मला आजवर कुणाचा आला नाही, आणि इतकी कीवही.

हात अजून दस्तीखालीच होते. एकानं भाव सांगितला की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, नाहीतर हात काढून घ्यायचा, ही मोंढ्याची रीत. हात काढला तर बॉण्ड होता, उरलेल्या वर्षांची फी एकदम भरायची.

“आयतु,” मी म्हणाले.

अप्पांनी हात सोडला नाही. खाली बघत म्हणाले, “तो अर्धा विकला तसा हा उरलेला अर्धा गाळा विकला की पुढचं साल निघतंय. त्याच्या पुढचं अजून जमलं न्हाई.”

माझं शेवटचं वर्ष त्याच्या पुढचं होतं.