घेवडा, हॅम आणि मंद्रूपचे अप्पा

जुळे सोलापुरात मी केटरिंगचा कोर्स शिकवतो. आमच्याकडं दिवसअखेर भांडी घासून लख्ख होतात, किस्से मात्र तसेच साठत जातात! त्यातले निम्मे एकाच डिशचे. ऑलिव्ह ऑइलमध्ये लसूण, त्यात घेवडा आणि शेवटी हॅमचे पातळ काप. हॅम म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस. डिश दहा मिनिटांची, पण सोलापुरात शिकवायला मला अख्खं वर्ष लागलं!

*

अकलूजच्या रोहितनं ती पहिल्यांदा केली. मी एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायलो.

"अरे, हॅम आधीच खारट असतं! वर आणखी मीठ कशाला?"

"सर, भाजीत मीठ न्हाय म्हणलं तर आई घरात घेणार न्हाय!"

*

पुढच्या आठवड्यात त्यानं मीठ टाळलं. मी खूश. जवळ जाऊन बघतो तर वरून मूठभर शेंगदाण्याचं कूट!

"लई कोरडं दिसत हुतं की, सर."

मी चांगला झापला त्याला. नंतर सगळे गेल्यावर त्याचीच प्लेट चाटूनपुसून खाल्ली. आता कुणापासून काय लपवायचं!

*

रोहितच्या शेजारच्या शेगडीवर शिवलीला. मंद्रूपची, लिंगायत घरातली. घरात अंडंसुद्धा येत नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "सर, करीन सगळं. खाणार मात्र न्हाय."

मी म्हटलं, "बाळा, जबरदस्ती कुणाचीच नाही."

मग चव बघायचं काम रोहितकडं आलं. पण हा पठ्ठ्या काहीही तोंडात टाकला की म्हणायचा, "एक नंबर!"

एकदा ती वैतागली. "अरे, अजून गॅससुद्धा पेटवला न्हाय मी!"

*

शिवलीलाचे अप्पा शेतकरी. अधूनमधून मला फोन करायचे.

"सर, पोरगी काय शिकायली?"

"घेवड्याची भाजी, अप्पा."

"ती तर तिच्या आईनंच शिकवली की! त्याला कॉलेज कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण मन खायला लागलं. कारण हॅमचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं. "अप्पांना कळलं तर त्याच दिवशी बॅग भरून घरी नेतील, सर," असं ती रडवेली होऊन म्हणाली होती. गोव्याच्या एका हॉटेलात तिची नोकरी ठरली होती. फक्त शेवटचं प्रॅक्टिकल पास व्हायचं होतं.

*

आणि त्या प्रॅक्टिकलला चिठ्ठीत तिला हीच डिश आली!

सकाळी बघतो तर स्टोअरमधला घेवडा पार मऊ पडलेला. तिनं घाबरून घरी फोन लावला. तासाभरात अप्पा मोटरसायकलवर हजर, पिशवीत रानातला ताजा घेवडा. मी म्हटलं, "थँक्यू अप्पा, या आता."

"आलोच हाय तर बघून जातो की," म्हणाले आणि लॅबच्या खिडकीशी उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन थांबलो.

आत शिवलीलानं लसणावर घेवडा टाकला आणि हॅम कापायला घेतलं.

"सर, ते लाल लाल काय हाय?"

आता खोटं बोलवेना. "डुकराचं मांस आहे, अप्पा. परीक्षेत करावंच लागतं. ती खात नाही, शपथ! पण हे तुमच्यापासून लपवलं, त्यात मीसुद्धा होतो. माझं चुकलं."

अप्पा गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून नुसते आत बघत राहिले.

तेवढ्यात शिवलीलानं मान वर केली. खिडकीत अप्पा दिसले आणि तिची सुरी थांबली. चेहरा पांढराफटक. परीक्षकानं घड्याळाकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती काही हलेना. मला वाटलं, संपलं! गेलं पोरीचं वर्ष!

अप्पांनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि आत ओरडले,

"लीला! थांबलीस कशाला गं? घेवडा करपायलाय की!"