रक्ततपासणीचा अभ्यास

आमच्या फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकातून नवऱ्याला फोन आला: हृदयाची तपासणी करून घ्या. चाळिशीही न गाठलेल्या माणसाला आत्ताच कशाला, असं त्याने विचारलं. नर्सने सांगितलं, माओरी, पॅसिफिक बेटांवरचे आणि भारतीय लोक यांना हा आजार लवकर गाठतो, म्हणून त्यांना आधी बोलावतो. झालं! साहेबांचा अपमान झाला.

"मला त्यांच्या रांगेत बसवतात? मी शाकाहारी. सिगरेट नाही, दारू नाही!"

रोटोटुनासारख्या चांगल्या वस्तीत चार बेडरूमचं घर घेतलं की रक्तवाहिन्याही आपोआप साफ होतात, अशी इथल्या आमच्या मंडळींची ठाम समजूत आहे. दिवसभर खुर्चीला चिकटलेलं बूड आणि फरसाणाचे डबे त्यात धरायचे नसतात.

पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तपासायला काय जातंय?" तेव्हा कुठे तो तयार झाला. पण कायम पहिल्या बाकावर बसलेला माणूस परीक्षेला असाच कसा जाईल? रक्त देण्याआधी महिनाभर त्याने अभ्यास केला. तूप बंद, चीज बंद, रात्री उकडलेले मूग, सकाळी नदीकाठाने धावणं.

मी म्हटलं, "अरे, नेहमीचं रक्त दे की. त्यांना तेच बघायचंय."

"तयारी न करता कोण जातं?"

रिपोर्ट उत्तम आला. तो लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि पुण्याहून अभिनंदनाचा पाऊस पडला. लेक इथल्या पोरांच्या भाषेत शाबासकी देत म्हणाली, "स्वीट ॲज, डॅड!" त्या संध्याकाळी आनंदाप्रीत्यर्थ बटाटेवडे झाले.

आणखी एक वडा ताटात घेत तो म्हणाला, "नर्सने विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का. म्हटलं, नाही. उगाच मार्क कशाला घालवायचे?"

सासूबाईंचा झारा कढईतच थांबला. सासरे नवऱ्याच्या लहानपणी गेले, एवढंच मला ठाऊक होतं. कशाने, ते या घरात कुणी बोलत नाही. 'अचानक गेले, पुण्यवान माणूस' म्हणून विषय संपवतात. सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. माझं डोकं सणकलं.

त्यांनी गॅस बंद केला. "मला त्या नर्सकडे घेऊन चल."

"आई, सगळं नॉर्मल आलंय."

"चल म्हटलं ना."

त्याच आठवड्यात आम्ही तिघं गेलो. नर्स हसून माओरीत नमस्कार करत "किया ओरा" म्हणाली. साडीवर जाकीट चढवलेल्या सासूबाई मुलाला म्हणाल्या, "सांग तिला. तुझ्या तोंडाने सांग."

त्याने चष्मा पुसला, दोनदा "ॲक्च्युअली" म्हणून झालं, आणि मग त्याने सांगितलं, वडील हार्ट अटॅकने गेले. नर्सने विचारलं, तेव्हा त्यांचं वय काय होतं? त्याने आईकडे पाहिलं.

सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सेम एज," त्या म्हणाल्या. "ही ऑल्सो सेड, आय हॅव नथिंग."