धुराड्याला हात लावून पाहा

चूल लावण्यात सांगण्यासारखं ते काय, असं लोकांना वाटतं. पण ब्लॉकची ग्रामसेविका म्हणून मी बुलडाण्याच्या गावागावांत बिनधुराच्या चुली लावत फिरले, आणि माझ्याकडे हे असं पुष्कळ साठलंय. महाराष्ट्र तेव्हा नवानवा होता, मीही नवीनच. आज हसत सांगते, पण त्या दिवसांत हसू यायचं नाही. चूल लावून मी निघून यायचे आणि ती पेटायची माझ्या माघारी.

*

पहिली चूल अमडापूरला, गंगूबाईंकडे. सोबत आमचे सीताराम मिस्त्री. त्यांनी दोन तोंडांची मातीची चूल घातली आणि पत्र्याचं धुराडं गवताच्या छपरातून वर काढलं.

"बाई, पाईपाभोवतालचं गवत हातभर कापा लागते. मंग तिथं पत्रा ठोकू," ते म्हणाले.

मी म्हटलं, "उद्या करू. बाया जमल्यात, आज पेटवून दाखवू."

चूल पेटली. घरात धूर नाही, बाया खूश. दुसरी भाकरी तव्यावर पडली आणि मिस्त्रींनी वर पाहिलं. गवतात बोराएवढा लाल ठिपका दिसत होता. ओलं पोतं घेऊन ते आढ्याला चढले, तोवर तो ठिपका ताटाएवढा झाला होता.

विझलं एकदाचं. गंगूबाई म्हणाल्या, "बाई, धूर तं गेला. पन त्याच्यामागं घरबी चाल्लं व्हतं."

*

त्यानंतर मी प्रत्येक घरी परत जाऊन धुराड्याला हात लावून पाहायचे, किती तापतंय ते. रोहिणखेडला अशीच थंडीत सकाळी गेले. दार लोटलेलं. शांता नावाची बाळंतीण आत होती. हाका मारल्या, ओ नाही.

दार ढकललं. चुलीत नुसते निखारे, डोळ्याला धूर दिसेना, पण हवा कोंदलेली. शांता आडवी पडलेली, कुशीत लेकरू. हाका ऐकून आलेल्या शेजारणीनं आणि मी दोघांना ओढत अंगणात आणलं. लेकरू आधी रडलं. शांतानं डोळे उघडेपर्यंत मी किती देवांना हात जोडले, मलाच ठाऊक.

तिचे सासरे खाली मान घालून म्हणाले, "धुराड्यातून गारठा येऊन राह्यला व्हता, बाई. म्हून म्या वरून फडकं कोंबलं."

पुढच्या खेपेला पाहते तर म्हातारबुवा अंगणात बसून धुराड्याकडे टक लावून पाहताहेत. म्हटलं, "उन्हात काऊन बसले, बाबा?"

"सुनेचा सैपाक होयेस्तोवर इथून हालत नाई म्या."

*

सुलतानपूरच्या एका बड्या शेतकऱ्याला धुराडं बाजूच्या खोलीतून न्यायचं होतं. त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला! मी नाही म्हटलं. त्यानं थेट आमच्या साहेबांना आणलं.

साहेब म्हणाले, "लावून टाका हो, इतकं काय घाबरता?"

मला नोकरीची भीती, मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "लावतो, साहेब. पन पयला जाळ लागंन तवा तुमी त्या कापसावर बसा."

साहेबांनी चहा घेतला आणि जीप सुरू केली.

*

मिस्त्रींनी एवढ्या घरी चुली घातल्या, पण त्यांची बायको अंगणात तीन दगडांवर रांधायची. मी दर वेळी विचारायचे, तुमच्याकडे कधी? ते म्हणायचे, लावू.

शेवटी एकदा त्यांनीच बोलावलं. चूल तयार होती. त्यांनी ती दोनदा मोडून पुन्हा घातली होती, असं त्यांची बायको म्हणाली. धुराड्याभोवतालचं छप्पर त्यांनी इतकं कापलं होतं की वर आभाळ दिसत होतं. मी टेप लावून अंतर मोजलं. सगळं ठीक होतं.

"पयला जाळ तुमी लावा, बाई," मिस्त्री म्हणाले.

मी काडी ओढली. त्यांची बायको आत आलीच नाही. भरलेली बादली धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भाकऱ्या मीच थापल्या, तीन. तोवर तिनं बादली खाली ठेवली नाही.

मी मिस्त्रींना म्हटलं, "तुमचं काम चुकतं का कधी? वहिनींना सांगा ना, भिऊ नका म्हणून."

ते धुराड्यावर हात ठेवून उभे होते.

"आमचं पयलं घर व्हतं नं बाई, त्याचं धुराडंबी म्याच लावलं व्हतं."