चिंचेने घासलेला दिवा

डेन्मार्कच्या एका बाईंनी माझं डोकं फिरवलं. कॉलेजच्या लायब्ररीत त्यांच्याबद्दल वाचलं होतं. पन्नास-साठच्या दशकात त्या दिवे घडवायच्या. बल्ब दिसू नये, नुसता उजेड दिसावा, हा त्यांचा हट्ट. एकावर एक टोप्या घातल्यासारखे त्यांचे दिवे देशोदेशी टांगले गेले, पण नाव कारखान्याच्या मालकाचं. बाईंचं नाव लागेपर्यंत त्यांचे केस पिकले. माझा असा संताप झाला की तिथेच ठरवलं, माझ्या दिव्यावर माझंच नाव.

मग लग्न होऊन पनवेलला आले आणि एका गाळ्यात वर्कशॉप थाटलं. संध्याकाळी घरी आले की सासूबाई विचारायच्या, "काय दिवे लावलेस आज?" मराठीत हा प्रश्न साळसूदपणे विचारताच येत नाही, आणि त्यांना तसा विचारायचाही नव्हता.

शेवटी उलव्यातल्या एका नव्या बंगल्याने नमुना मागवला. पसंत पडला तर घरभर माझे दिवे, नाहीतर गाळ्याला कुलूप, असं घरात ठरलं होतं. पितळेच्या तीन टोप्या केल्या आणि त्यांवर मंद काळी झाक चढवता चढवता स्वतःचे हातही काळे करून घेतले. वायर जोडायची बाकी होती, म्हणून दिवा घरी ठेवून होल्डर आणायला बाजारात गेले.

नेमकी दिव्याची अवस होती. अर्धं पनवेल गटारीच्या मटणासाठी रांगेत, आणि सासूबाई घरातले यच्चयावत दिवे घासायला बसलेल्या. परत येते तो पाटावर समई, निरांजनं आणि मधोमध माझा दिवा! चिंच-रांगोळीने घासून लख्ख केलेला, वर हळदकुंकू.

"आई, हा का घासलात?"

"दिवा आहे म्हणालीस ना? मग असा काळा ठेवतात?"

मी ढसाढसा रडले. दुसरा नमुना नव्हता, म्हणून त्यालाच होल्डर-वायर जोडून उलव्याला नेला. बंगल्याच्या मालकीणबाईंनी तो लावून बघितला, खाली वाकून बघितला.

"बल्ब कुठं हाय?"

"दिसत नाही. मुद्दामच."

"बरा हाय. डोल्यांना तरास नाय. आनि पितल कसं देवघरातलं वाटतंय! आमाला सगले असेच पायजेत. काले नको."

नमुन्याचा दिवा आणि पेढे घेऊनच घरी आले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला, चष्मा लावला आणि दिव्याच्या आतल्या काठावर कोरलेलं माझं नाव वाचलं.

"तुझ्या त्या डेन्मार्कच्या बाईची रडकथा लग्न झाल्यापासून ऐकतेय," त्या म्हणाल्या. "आता सांग, हा घासला कोणी?"

ज्या कारखान्याच्या मालकाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याचीही काही बाजू असेल, असं तेव्हा पहिल्यांदाच वाटलं.

आता आमच्या प्रत्येक दिव्यावर दोन नावं असतात. माझं खाली.