अण्णांचा वाढलेला मुक्काम

एखादं बोलणं पटलं नाही की अण्णा, म्हणजे माझे सासरे, कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत. समोरच्याचा अपमान करायचा नसे. त्यांच्यापुरता विषय संपलेला असे. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं घरात कुणालाच जमलं नाही.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर ते सांगलीहून महिनाभरासाठी आमच्याकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले. प्रसाद, माझा नवरा, इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आमची लेक इरा तेव्हा दोन वर्षांची. अण्णांना ऑक्सफर्ड बघायचं होतं, म्हणून सुट्टी जोडून आम्ही इंग्लंडला गेलो. दिवसभर ते मान वर करून मनोरे बघत हिंडले. कॉलेजच्या हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी दिसली, तेव्हा इराला उचलून म्हणाले, "बघ, एवढं गवत आणि कुणी खेळायचं नाही. शिकलेली माणसं!"

दुपारी एका दगडी इमारतीतून पदवीदान आटोपून मंडळी बाहेर पडत होती. त्यांत काळा झगा घातलेली, माझ्याच वयाची एक बाई होती. बाबागाडी घेऊन थांबलेल्या एका म्हाताऱ्याकडून तिनं आपलं बाळ घेतलं. अण्णा थेट त्याच्यापाशी गेले. "डॉटर?"

"डॉटर-इन-लॉ," तो हसला.

अण्णांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग नदीकाठच्या बाकावर धपाटे खाताना त्यांनी विचारलं, "मीनल, तुझ्या कॉलेजचं काय झालं?"

मला आमच्याच गावच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला होता, वर्ग लवकरच सुरू होणार होते. पण इराला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जानेवारीशिवाय जागा नव्हती. मी नाद सोडला होता. तसं मी सांगितलं.

"पुढच्या वर्षी बघू ना, अण्णा," प्रसाद म्हणाला.

यंत्र खिशात गेलं. "व्हिसा नाताळपर्यंत आहे," अण्णा मला म्हणाले. "मी थांबतो. इराला मी बघेन."

"अहो अण्णा, नोव्हेंबरात थोरल्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"दादानं हजार चंद्र बघितलेत. एकदा माझं तोंड नाही बघितलं तर काय बिघडतं?"

आयुष्यात स्वतःचा चहा न केलेला हा माणूस माझ्याकडून मऊ भात शिकला. पहिल्याच दिवशी कुकर करपला. "घासू की. काय बिघडतं?" घसरगुंडीवर इराच्या मागे "लांगझाम, लांगझाम," म्हणजे हळू हळू, असं ते सांगलीच्या हेलात ओरडत, आणि बागेतली जर्मन मुलं त्यांनाही 'ओपा', म्हणजे आजोबा, म्हणू लागली.

एकदा लेक्चरमधलं जर्मन डोक्यावरून गेलं आणि मी घरी येऊन रडले. हे मला जमणार नाही, असं मी म्हणाले. अण्णा इराचे मोजे काढत होते. "ही पोरगी पंधरा दिवस माझ्याकडे यायला तयार नव्हती. मी सांगलीला पळालो का? उद्या परत जा."

मी गेले. शिक्षण पुरं झालं, नोकरी लागली. अण्णा मागच्या वर्षी झोपेतच गेले. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मला ती नोव्हेंबरातली शनिवारची दुपार आठवते. तिकडे भारतात संध्याकाळ होती आणि काकांना ओवाळत होते. अण्णा फोनवर व्हिडिओ कॉलमधून बघत होते. इरा त्यांच्या मांडीवर झोपलेली, समोर मी पुस्तकं पसरून बसलेले.

"सुट्टी नाही मिळाली, दादा," अण्णा कुजबुजले.

"काय म्हणतोस? इथं गलका आहे, मोठ्यानं बोल!"

अण्णांनी इराकडे पाहिलं आणि काही न बोलता पडद्याला हात जोडले. तिकडे काकांनी हात वर केला. अण्णांचे डोळे भरून आले होते. मी इराला घ्यायला उठले, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"तू वाच," ते म्हणाले.