न पाहिलेला पंचनामा

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता. इतवारीच्या मागे आमची विणकरांची वस्ती, घरोघरी हातमाग. मीही विणकराचाच मुलगा, पण मॅट्रिक झालो आणि कॉर्पोरेशनच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. सासरी गेलेल्या मुलीचं पत्र, रेशनकार्डाचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं माझ्याकडे यायचं. मी लिहिलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं वस्तीचं मत होतं. माझंही तेच मत होतं.

पोलीस ठाण्याचा हवालदारही माझ्याकडे यायचा. झडती किंवा जप्ती करायची तर पोलिसांना दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून सोबत न्यावी लागत. जे घडलं ते पंचांनी डोळ्यांनी बघायचं, त्याचा पंचनामा लिहिला जायचा आणि खाली त्यांनी सही करायची. मला पंच म्हणून बोलावलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. कायदा करणाऱ्याचा पोलिसावर पुरता भरवसा नव्हता, म्हणून तर त्याने माझ्यासारख्याला तिथे उभं केलं होतं. ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली.

बहात्तर सालच्या सुमाराची गोष्ट. सुताच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानातून साडीच्या काठाचं रेशीम चोरीला गेलं. संशय आला तो माझ्या घरापासून चौथ्या घरातल्या विणकरावर, कारण त्याच आठवड्यात मजुरीवरून त्याचं आणि व्यापाऱ्याचं भर दुकानात भांडण झालं होतं. माणूस तोंडाचा फटकळ; बायको त्या दिवसांत माहेरी गेलेली, घरात तो एकटाच. त्याच्याशी माझं फार सख्य नव्हतं, पण आम्हा दोघांचे वडील एकाच कारखानदाराचं सूत विणत.

मी शाळेतून येऊन हातपाय धूत होतो, तेवढ्यात हवालदार आला. खुर्चीत बसला, टोपी मांडीवर ठेवली.

"मास्तर, एक पंचनामा लिहून द्या ना जी. मी सांगतो, तुम्ही लिहा. माहं लिहिलेलं साहेबाले वाचताच येत नाही."

मी आनंदाने टाक काढला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. आम्ही खालील पंच सकाळी अमुक वाजता अमुक घरी हजर होतो. आमच्यासमक्ष घराची झडती घेतली. मागाच्या खड्ड्यातून रेशमाचा गठ्ठा निघाला.

इथे माझा हात थांबला. सकाळी मी शाळेत पाढे म्हणून घेत होतो, हे एक झालंच. पण थांबलो तो खड्ड्यामुळे. आमच्याकडे मागाच्या खाली खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबतो. तो खड्डा बारा महिने ओलसर. कोणताही विणकर, चोर असला तरी, रेशीम तिथे ठेवणार नाही. लहानपणी माझ्या हातून काठाच्या रेशमाची एक लड खड्ड्यात पडली होती, तेव्हा वडिलांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

"पण गठ्ठा खरंच खड्ड्यात सापडला का?" मी विचारलं.

"त्याच्या घरामागच्या बोळीत सापडला," हवालदार सरळ म्हणाला. "पण बोळीत म्हटलं तर कोर्ट त्याले सोडून देते. चोर तर तोच आहे, मास्तर. मग चोराले सोडाचं का?"

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरोखरच खात्री होती. आणि मी? मी विचार केला, पोलिसाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. चहा आला, आम्ही प्यालो. मी वाक्य पुरं केलं, एके ठिकाणी तर त्याची भाषाही सुधारून दिली आणि खाली झोकदार सही ठोकली. दुसरी सही कोपऱ्यावरच्या पानवाल्याने न वाचताच केली. मास्तरांनी लिहिलंय म्हटल्यावर त्याने कशाला वाचावं!

कोर्टात साक्ष निघाली तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. सरकारी वकिलाने बाहेर व्हरांड्यातच सांगून ठेवलं होतं, आता नाही म्हणाल तर खोटा पंचनामा केल्याचं तुमच्यावर येईल, नोकरी जाईल. आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही झडतीच्या वेळी स्वतः हजर होता?" मी म्हणालो, "होय." खड्ड्याबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. तो कुठला विणकर असायला! विचारायला हवं ते त्याला ठाऊक नव्हतं, सांगायला हवं ते मला ठाऊक होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माझ्याकडे बघत होता. मी येतोय म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं असावं, कारण मी "होय" म्हणेपर्यंत त्याचा चेहरा अगदी स्वस्थ होता.

त्याला सहा महिन्यांची सजा झाली. सुटून आला तेव्हा त्याला कोणी सूत देईना. आमचा सगळा धंदाच असा, की मालक माल तुमच्या घरात आणून टाकतो आणि तुमच्या नावावर निर्धास्त झोपतो. नाव गेलं की माग नुसतं लाकूड. त्याने तो विकला आणि बायकोला घेऊन तो हिंगण्याकडे गेला. तिथे एका कारखान्यात हमाली करतो, असं कानावर आलं.

रेशीम कोणी चोरलं हे मला आजही माहीत नाही. पण ते दोघं गेल्यावर वस्तीला बाकी सगळं कळलं. मी सकाळभर शाळेत होतो, हे चाळीस पोरांना माहीत होतं. मला तोंडावर कोणी बोललं नाही. पत्रं मात्र हळूहळू दुसरीकडे लिहून घेऊ लागले, आणि पोलीस गल्लीत शिरला की दारं लागू लागली.

दहा-बारा वर्षांनी वस्तीत घरफोडी झाली. नवा, तरुण फौजदार पंच शोधत दारोदार फिरला, कोणी बाहेर येईना. शेवटी घामाघूम होऊन माझ्या ओट्यावर बसला. "लोकांचा आमच्यावर काडीचा विश्वास नाही, गुरुजी. लोकंच असे असले तर आम्ही काय करायचं?" पोरगा मनापासून बोलत होता. मी त्याला पाणी दिलं. हे लोक असे कोणी केले, ते सांगायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. पण त्या रविवारी मी हिंगण्याची बस पकडली.

टिनाच्या एका खोलीपुढे तो खाटेवर बसला होता, केस सगळे पांढरे. मला ओळखलं, सरकून जागा दिली. मी भडाभडा सगळं बोललो, माफी मागितली, रडलोही.

"मले सांगून काय फायदा, मास्तर?" तो म्हणाला. "मले तर मालूमच होतं. एक डाव हिले सांगा तुमच्या तोंडानं."

बायको दाराशी बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, की तुमच्या खड्ड्यात काही सापडलं नव्हतं. मी तिथे आलोच नव्हतो. घरी बसून लिहिलं.

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मंग तुम्ही मले तवाच काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं वं," तो हळूच म्हणाला. "जेलात भेटाले आली तवा सांगतलं, घरी आलो तवा सांगतलं. तू म्हणे, मास्तर खोटं काहून लिहिन?"