शून्य दाखवणारा मीटर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दुकानात चहाला बसणाऱ्या दोस्तांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो — नाही, तेही खरं नाही. आता गप्प बसवत नाही, एवढंच.

सेलूत माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. वांगी-टमाटर पिकवणाऱ्या घरातला मी. दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही, आणि राग तर नाकावरच. आयटीआयमध्ये आमचे सर एकदा भर वर्गात म्हणाले होते, "अबे, हा बजार व्हय का? मार्क भाव करून नाई भेटत. त्या वैशालीताईकडून शिक काही." सगळे हसले. तीही हसली. ते हसणं मला अजून सलतं — खोटं कशाला बोलू?

वैशालीताई सिंदीहून यायची. लग्न झालेली, आमच्याहून मोठी. डबा खाताना तिनेच सांगितलं होतं, सासरा म्हणाला, "पास झाली त नौकरी करजो, नाई त घरीच बसजो."

प्रात्यक्षिक परीक्षेतलं सर्किट सोपं होतं. बारा व्होल्टचा पुरवठा. चारशे ओहमचा एक रेझिस्टर, आणि त्याच्यापुढे सहाशे व तीनशेचे दोन, एकमेकांना समांतर. आधी कागदावर उत्तर काढायचं, मग जोडणी करून मीटरने ताडून दाखवायचं. समांतरचे दोन मिळून दोनशे, एकूण सहाशे, म्हणून करंट वीस मिलिअँपिअर — आज झोपेतही सांगेन. तेव्हा मी तिन्ही आकड्यांची सरळ बेरीज करून बसलो होतो.

करंट मोजताना वायर सोडवून मीटर मध्ये, त्या वाटेतच घालावा लागतो. मी घाईत तो थेट पुरवठ्याच्या दोन टोकांना लावला. आत बारीक 'टिक्' झालं आणि आकडा शून्यावर गेला. मीटरचा फ्यूज उडाला, हे मला कळलं का? कळलं. लगेच कळलं. परीक्षक तेव्हा दूरच्या टेबलापाशी होते. मी शेजारच्या टेबलावर पाहिलं. ताईच्या कागदावर वीस होते. तिचा हिशेब उतरवला, तेच वीस माझं मोजमाप म्हणून लिहिले, आणि मीटर तिच्या हातात दिला. आमच्या दोघांत एकच मीटर होता.

ती जोडायची, सोडायची, पुन्हा जोडायची. शून्य. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "जोडणीच चुकली, बाई." शेवटी तिने आपलं बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने खोडलं. मी बघत होतो. मी पास झालो, ती नापास. पुन्हा परीक्षेला ती आलीच नाही.

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील. एवढंच असतं, तर मी हे लिहीत बसलो असतो का? सांगायचं आहे ते पुढचं — मनातल्या मनातही मी इथवर येऊन अडतो.

परीक्षा संपल्यावर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. दार उघडं होतं. परीक्षक अजून आत कागद गोळा करत होते. ती हळूच म्हणाली, "भाऊ, मीटर काढून वायर जोडली का व्होल्टेज बरोबर येऊन राह्यलं होतं. चारशेवर आठ, बाकीच्यायवर चार. मंग करंट शून्य काऊन? मीटरचाच फ्यूज गेला असन. तुह्या टाइमाले चालू होता का?"

बघा — तिने पकडलं होतं. व्होल्टेज मोजायला तो फ्यूज लागत नाही, आणि रेझिस्टरवर आठ व्होल्ट आहेत म्हणजे त्यातून करंट वाहतोच. शून्य दाखवतो तो मीटर. मी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. ती आत गेली असती, मीटर उघडायला लावला असता.

आणि मी — अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला भाव सांगतो तसा — म्हणालो, "माह्या टाइमाले एकदम बरोबर होता, ताई. वीसच आले. तुमचीच जोडणी चुकली असन."

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "असन."

मी दारात जाऊन उभा राहिलो — तिने आत जाऊ नये म्हणून.